स्लिम ऑप्टिप्लेक्समध्ये जीटीएक्स १६६० बसेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका ऑफिसमधून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० तुम्ही सेकंडहँड घेतलाय, तोही एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर), म्हणजे चपटा. आत आय-फाइव्ह ७५००, १६ जीबी रॅम, एसएसडी. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला स्केचअप आणि ब्लेंडर ही थ्रीडी मॉडेल काढायची सॉफ्टवेअर लागतात; धाकट्याला गेम खेळायचेत. ओळखीत कुणाकडे तरी वापरलेलं जीटीएक्स १६६० हे ग्राफिक कार्ड स्वस्तात मिळतंय. दुकानदार म्हणाला, ‘झाकण काढून टाकू, बाहेरून दुसरा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावू, मस्त चालेल.’ अकोल्यात राहता, खोलीत एसी नाही, कूलर आहे. हे करावं का, आणि करू नये तर मग काय?

१६६० घेऊ नका. दुकानदार खोटं बोलत नाहीये, असे जुगाड चालतात, मी चालताना पाहिलेत. पण घरात पोरं वापरणार असलेल्या मशीनला ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं सांगतो, म्हणजे उद्या दुसरं कुठलं कार्ड समोर आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

‘बसेल का’ म्हटलं की सगळे आधी लांबी मोजतात. चपट्या कॅबिनेटमध्ये लांबीवरून क्वचितच अडतं. अडतं ते उंचीवर, जाडीवर, वॉटवर आणि उष्णतेवर. मी याच क्रमानं बघतो, कारण पहिल्या दोन ठिकाणी ‘नाही’ आलं की पुढची खटपट वाचते.

उंचीचं गणित सोपं आहे. नेहमीच्या ग्राफिक कार्डाला मागे जी धातूची पट्टी असते, ब्रॅकेट, तिची उंची १२० मिलिमीटर. तुमच्या कॅबिनेटची रुंदी बाहेरून मोजली तरी ९२.६ मिलिमीटर. कार्ड मदरबोर्डवर काटकोनात उभं राहतं, त्यामुळे ते या रुंदीतच मावायला हवं. नाही मावत. म्हणून या डब्यात फक्त लो प्रोफाइल कार्ड: पट्टी ७९.२ मिलिमीटरची, खुद्द कार्ड ६८.९ मिलिमीटरच्या आत. तुम्हाला मिळणारं १६६० पूर्ण उंचीचं आहे, म्हणजे झाकण लागणार नाही. दुकानदार ‘झाकण काढून टाकू’ म्हणाला त्याचा अर्थ एवढाच.

झाकणाचं महत्त्व लोक कमी धरतात. या ऑप्टिप्लेक्समध्ये पुढच्या जाळीतून हवा ओढून सीपीयूवर सोडणारा मुख्य पंखा एकच. त्या हवेला वाट दिली आहे ती झाकण बंद असेल असं धरून. झाकण काढलं की सीपीयू कदाचित थंडही वाटेल, पण बाकी बोर्डावरून हवा फिरायची थांबते. त्यात तुमच्याकडे कूलर. कूलरची ओलसर हवा, तिच्यातली धूळ आणि उघडा मदरबोर्ड हे तिन्ही एकत्र आले की दोन पावसाळ्यांत कनेक्टरवर हिरवट थर दिसायला लागतो. पाली आणि मुंग्यांचं तर वेगळं सांगायला नको. उघड्या एसएमपीएसमध्ये करपलेली पाल हा आमच्या धंद्यातला नेहमीचा देखावा आहे. शिवाय या मॉडेलमध्ये झाकण उघडल्याचं ओळखणारा छोटा स्विच असतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तो बंद केला नसेल तर सुरू करताना कव्हर काढल्याची सूचना येत राहते.

आता जाडी, आणि इथे तुम्ही पाठवलेला आतला फोटो कामाला आला. त्यात कार्ड खोचायचे दोन स्लॉट दिसतात. एक पूर्ण लांबीचा, तो एक्स-१६. दुसरा आखूड, एका टोकाला उघडा, तो एक्स-४. तुमच्या फोटोत एक्स-१६ स्लॉट एसएमपीएसच्या पत्र्याला अगदी लागून आहे. कार्डाचा पंखा आणि हीटसिंक सीपीयूपासून दूरच्या बाजूला, म्हणजे नेमके त्या पत्र्याकडे तोंड करून बसतात. दोन स्लॉटमधलं अंतर प्रमाणानुसार २०.३२ मिलिमीटर असतं, आणि एका स्लॉटच्या कार्डाच्या पंख्याच्या बाजूची जाडी १४.४७ मिलिमीटरच्या वर जाऊ नये असा नियम आहे. तेवढी जागा तुमच्याकडे आहे. दोन स्लॉटचं कार्ड, लो प्रोफाइल असलं तरी, तिथे पत्र्यावर आपटणार.

यावर लगेच सुचवलं जातं की मग दोन स्लॉटचं कार्ड त्या उघड्या टोकाच्या एक्स-४ स्लॉटमध्ये घाला, बाजूचा एक्स-१६ झाकला गेला तर गेला. जागेच्या हिशेबानं ते जमतं, आणि पुष्कळ लोक करतातही. मी टाळतो. एक्स-४ स्लॉट सीपीयूला थेट जोडलेला नसतो, चिपसेटमधून येतो, आणि त्याच वाटेवरून एसएसडी, यूएसबी, नेटवर्क सगळं ये-जा करतं. वेग कमी होतो हे एक वेळ चालवून घेऊ. खरी अडचण विजेची आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमात ग्राफिक कार्डासाठीच्या एक्स-१६ स्लॉटला ७५ वॉटपर्यंत परवानगी आहे, एक्स-४ ला २५ वॉट. सत्तर वॉटचं कार्ड तिथे लावलं तर बोर्ड ते बहुधा देईल, वर्षभर देईल. पण ज्या तांब्याच्या रेषा आणि पिना २५ साठी काढल्यात त्यातून रोज ७० ओढायचे, आणि बोर्ड गेला तर बदली बोर्ड शोधत फिरायचं, हे मला पटत नाही.

जाडी आणि लांबी मोजायची माझी पद्धत अगदी साधी आहे. घरात जाड पुठ्ठा असतोच. कार्डाच्या वेबपानावरची मापं घ्या, समजा १६३ बाय ६९ मिलिमीटर, तेवढा तुकडा कापा, त्याच्या एका बाजूला पुठ्ठ्याचेच थर चिकटवून १५ मिलिमीटर जाडी करा आणि तो स्लॉटवर उभा धरून बघा. मग हार्ड डिस्कचा पिंजरा खाली पाडा आणि झाकण लावा. टेपनं मोजताना जे दिसत नाही ते पुठ्ठा दाखवतो: साटाची, म्हणजे हार्ड डिस्कची, केबल आडवी येते, पिंजऱ्याचा खालचा कोपरा कार्डाच्या टोकाला टेकतो, समोरच्या यूएसबीची वायर पंख्यात जाऊ पाहते. यातलं बरंचसं एका केबल टायनं सुटतं. पिंजरा टेकत असेल तर ते कार्ड रद्द.

वॉटचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण खरं नुकसान तिथे होतं.

तुमच्या एसएमपीएसवर १८० वॉट लिहिलेलं असेल. आय-फाइव्ह ७५०० चे ६५ धरा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखा, मागे लावलेली यूएसबीची यंत्रं मिळून आणखी २५ धरा. राहिले ९०. यंत्राचं वय आता सात-आठ वर्षं, एसएमपीएसमधले कपॅसिटर तेवढेच जुने. अशा एसएमपीएसला मी छापील आकड्याच्या साधारण ८० टक्क्यांपुढे सतत चालवत नाही. १८० चे ८० टक्के म्हणजे १४४. त्यातून ९० गेले, कार्डाच्या वाट्याला उरले ५० च्या आसपास. हा मी पाळत आलेला, हात राखून केलेला हिशेब आहे, नियमाचं पुस्तक नव्हे. कुणी ७० वॉटचं कार्ड लावून आनंदात असेल तर मी त्याला खोटं पाडणार नाही. पण अकोल्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत, रात्रभर ब्लेंडरचा रेंडर (मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करणं) लावून झोपायचं असेल तर मी ५० वरच थांबेन. आणखी एक: काही ब्रँडेड स्लिम मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षा कमी दिलेली असते. मशीनवरचा सर्व्हिस टॅग नंबर टाकून डेलच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या आणि विस्तार स्लॉटचं पान वाचा. तिथला आकडा माझ्या हिशेबाआधी खरा धरा.

१६६० चा आकडा १२० वॉट, आणि त्याला वरून आठ पिनांची स्वतंत्र जोडणी लागते. तुमच्या एसएमपीएसमधून अशी वायर निघतच नाही. मग बाजारात साटाच्या वायरीवरून सहा किंवा आठ पिना काढणारा अडॅप्टर मिळतो. त्याला हात लावू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. आठ पिनांच्या जोडणीकडून कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. टाकी भरलेली आहे म्हणून अर्ध्या इंचाच्या नळातून तीन मजल्यांना पाणी पुरत नाही, तसंच हे. त्यात तुमच्या मॉडेलमध्ये साटाची पॉवर एसएमपीएसमधून थेट येतच नाही, मदरबोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमधून येते. म्हणजे वितळलं तर आधी बोर्ड वितळणार.

बाहेरून दुसरा एसएमपीएस लावला तर वीज पुरेल, हे बरोबर. पण मग दोन एसएमपीएस एकाच वेळी चालू आणि बंद व्हायला हवेत, दोघांचं अर्थिंग एकच हवं, स्लॉटपासून कार्डापर्यंत रायझर केबल टाकायची, कार्ड टेबलावर उघडं राहणार आणि झाडताना कुणाचा तरी हात लागणार. प्रयोग म्हणून करणाऱ्याला माझी ना नाही. अभ्यासाच्या मशीनला नको.

थोडक्यात, आतापर्यंत चाळणीतून काय उरलं? लो प्रोफाइल, एका स्लॉटचं, वरून वायर न लागणारं, ५० वॉटच्या आसपासचं कार्ड. अशी कार्डं थोडीच आहेत, त्यामुळे निवड सोपी होते. फक्त त्याआधी मुलीचं काम नेमकं कसलं हे बघायला हवं, कारण इथून पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

स्केचअपमध्ये नुसतं मॉडेल काढायचं असेल तर ग्राफिक कार्डापेक्षा सीपीयूच्या एका कोरचा वेग जास्त कामाला येतो, आणि तुमच्या बिल्ट-इन ग्राफिक्सवरही साधी मॉडेल्स फिरतात. कार्ड लागतं ते रेंडरसाठी. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांतले रे-ट्रेसिंगचे कोर वापरतं, त्यामुळे तिथे आरटीएक्स आणि बिगर-आरटीएक्स यांत फरक चांगलाच जाणवतो. आणि कार्डावरची मेमरी: आर्किटेक्चरच्या सीनमध्ये झाडं, गवत, मोठमोठी टेक्स्चर भरली की ४ जीबी बघता बघता संपते. ८ जीबी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची कामं निभतात. ल्युमियनसारखं रेंडरचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर या डब्याचा विचारच सोडा, त्याची भूक वेगळी आहे.

या कामाला माझी पहिली पसंती आरटीएक्स ए१०००. हे गेमिंगचं नसून वर्कस्टेशनचं कार्ड, २०२४ मध्ये आलं. एक स्लॉट, लो प्रोफाइल, ५० वॉट, ८ जीबी, लांबी साधारण १६३ मिलिमीटर. कोर २३०४, म्हणजे आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्या कार्डात आहेत तितकेच. फक्त ५० वॉटात बसवण्यासाठी क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, खाली ठेवलाय. गेम त्यावर चालतात, धाकट्याची तक्रार येणार नाही. दोष एकच, किंमत. नवं घेतलं तर तुमच्या अख्ख्या मशीनपेक्षा महाग पडू शकतं. आकडे मी देत नाही, ते आठवड्याला बदलतात.

तेवढं बजेट नसेल तर टी१०००, तेही ८ जीबीचं. ५० वॉट, एक स्लॉट, ८९६ कोर, २०२१ चं. रे-ट्रेसिंगचे कोर नाहीत, त्यामुळे सायकल्समध्ये ए१००० च्या बरंच मागे. पण आयटी कंपन्यांच्या जुन्या वर्कस्टेशनमधून ही कार्डं सुटतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर मिळण्याची शक्यता बरी असते. त्याच मालिकेतलं टी४०० मात्र घेऊ नका, ३८४ कोरमध्ये तुमचं काम होणार नाही.

फक्त गेमच असते तर मी आरएक्स ६४०० सांगितलं असतं. ५३ वॉट, एका स्लॉटमध्ये मिळतं. पण ते कार्ड आतून एक्स-४ आहे, म्हणजे स्लॉट सोळाचा असला तरी डेटाच्या चारच वाटा (लेन) वापरतं. नव्या बोर्डावर चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमुळे ते खपून जातं, तुमचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे ते काही गेममध्ये अडखळतं. व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरही त्यात नाही, तेव्हा गेम रेकॉर्ड करायचे असतील तर सगळा भार सीपीयूवर. रेंडरसाठी मी ते सुचवणार नाही.

जीटी १०३० तुम्हाला प्रत्येक जण सुचवेल, कारण ते स्वस्त, लहान आणि सगळीकडे बसतं. रेंडरच्या कामाला ते अपुरं आहे. शिवाय त्याचे दोन प्रकार एकाच नावानं विकले जातात: एक जीडीडीआर५ मेमरीचा, सेकंदाला ४८ जीबी नेणारा, दुसरा डीडीआर४ चा, जेमतेम १७. कार्डाच्या खोक्यावर बारीक अक्षरात असतं ते बघावं लागतं. आणि ही पिढी, म्हणजे जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० टीआय दोन्ही, एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या गेम ड्रायव्हरमधून बाहेर काढली आहे, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. त्यामुळे आज त्यात पैसे घालू नयेत. इंटेलची आर्क कार्डं दिसायला मोहक वाटतील, पण त्यांना रिसाइझेबल बार नावाची सोय लागते आणि सातव्या पिढीच्या तुमच्या बोर्डावर ती मिळत नाही.

आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं लो प्रोफाइल आणि आरटीएक्स ए२०००, ही दोन कार्डं लहान कॅबिनेटवाल्यांची लाडकी आहेत आणि ती कीर्ती योग्यच आहे. दोन्ही ७० वॉटची, वरून वायर लागत नाही. पण ए२००० दोन स्लॉट जाड आहे, आणि ३०५० ची बाजारात दिसणारी लो प्रोफाइल मॉडेल्सही बहुतेक तशीच. तुमच्या फोटोतल्या पत्र्यावर ती अडणार.

इथे मला तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगायचीय. विकणारा अजून ओळखीत असेल तर हा एसएफएफ त्याला परत देऊन त्याच ७०५० चा मिनी टॉवर मागा. एमटी असं लिहिलेलं असतं. तोच प्रोसेसर, तीच रॅम, पण रुंदी १५४ मिलिमीटर आणि एसएमपीएस २४० वॉटचा. त्यात पूर्ण उंचीचं, दोन स्लॉटचं ३०५० ६ जीबी निवांत उभं राहतं: ६५ आणि ७० आणि बाकीचे ३०, झाले १६५. पूर्ण उंचीचं कार्ड लो प्रोफाइलपेक्षा मिळायला सोपं, पंखे मोठे, आवाज कमी. कंपन्यांतून सुटलेल्या लॉटमध्ये एसएफएफ आणि टॉवर दोन्ही असतात, बदलून द्यायला व्यापारी सहसा थोडे वरचे पैसे मागतो. ए१००० आणि टी१००० च्या शोधात जो वेळ आणि पैसा जाईल त्यापेक्षा हा सौदा स्वस्त पडण्याची शक्यता मला जास्त वाटते. टेबलावर जागा आहे का, एवढाच प्रश्न. मशीन कपाटाच्या खणात बसवायचं म्हणूनच चपटं घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि या मशीनमध्ये फार खोल पैसे घालण्याआधी हेही लक्षात असू द्या: आय-फाइव्ह ७५०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दोन-तीन वर्षांनी मुलगी शेवटच्या वर्षाला असेल तेव्हा मशीन बदलावंच लागेल. कार्ड असं घ्या जे पुढच्या मशीनमध्ये उचलून लावता येईल. ए१००० आणि ३०५० दोन्ही या कसोटीला उतरतात.

‘याच मशीनला नवं छोटं कॅबिनेट घेतलं तर?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. डेलचा हा बोर्ड नेहमीच्या कॅबिनेटसाठी काढलेला नाही. एसएमपीएसची जोडणी वेगळी, पुढच्या बटणाची पिन-रचना वेगळी, मागची पोर्टची पट्टी कॅबिनेटच्याच पत्र्यात कापलेली. रॅम आणि एसएसडी तेवढी नव्या ठिकाणी जातील, म्हणजे तो नवा कॉम्प्युटरच झाला. तसा केलाच तर चित्र पालटतं. मिनी-आयटीएक्स हा छोट्या मापाचा बोर्ड, एसएफएक्स हा छोट्या मापाचा एसएमपीएस आणि कूलर मास्टर एनआर२०० सारखं १८ लिटरचं कॅबिनेट घेतलं तर ३३० मिलिमीटर लांबीपर्यंतचं कार्ड मावतं. एनव्हिडियानं २०२४ मध्ये लहान कॅबिनेटसाठी एक माप ठरवून दिलं: लांबी ३०४, उंची १५१, जाडी ५० मिलिमीटर, या आतलं कार्ड एसएफएफ-रेडी. त्यातली १५१ ही उंची वायरीच्या वळणासह धरलेली आहे, आणि लोकांची फसगत तिथेच होते. कार्ड मावतं, पण वरून आलेली वायर वळवून काचेचं झाकण लागत नाही. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरला तर पहिले ३५ मिलिमीटर सरळच ठेवावे लागतात. रायझर केबल असेल तर ती तिसऱ्या पिढीची आणि बोर्ड चौथ्या पिढीचा अशी जोडी जमवू नका. जमलीच तर बायोसमध्ये स्लॉट हातानं तिसऱ्या पिढीवर आणा, नाहीतर स्क्रीन येतच नाही आणि दोष कार्डावर ढकलला जातो.

परत तुमच्या डब्याकडे. एका स्लॉटच्या कार्डाचा पंखा बोटाएवढ्या फटीतून हवा ओढतो आणि समोर एसएमपीएसचा पत्रा. ते गरम राहणारच. खोली ३० अंशांवर असताना कार्ड ७२ ला स्थिरावलं तर खोली ४२ झाल्यावर ते ८४ च्या घरात जाऊ बघतं. फरक जवळपास तसाच्या तसा वर चढतो. ऐंशीच्या पुढे कार्ड स्वतःचा क्लॉक उतरवायला लागतं, म्हणजे जळत नाही, मंदावतं. डेलचा पुढचा पंखा कार्डाच्या तापमानाकडे बघत नाही, तो सीपीयूवर चालतो, त्यामुळे कार्ड तापलं तरी तो शांतच असतो. करण्यासारखं हे आहे: कॅबिनेट उभं ठेवा, जाळीच्या बाजूला चार बोटं जागा सोडा, आणि कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या बंद कप्प्यात ते मुळीच ढकलू नका. धाकट्याच्या गेममध्ये फ्रेम रेट ६० ला बांधा. लांबलचक रेंडर उन्हाळ्यात पहाटे लावा. कूलरचा झोत थेट मशीनवर नको.

बसवताना दोन ठिकाणी लोक अडकतात. एक ब्रॅकेट. लो प्रोफाइल कार्डासोबत मोठी आणि छोटी अशा दोन पट्ट्या येतात. सेकंडहँड घेताना छोटी पट्टी आहे ना हे आधी विचारा, कारण ती सुटी शोधणं वैताग आहे. बदलायला दोन स्क्रू, आणि जुन्या कार्डावर डीव्हीआय पोर्ट असेल तर त्याच्या दोन बाजूंचे षट्कोनी खिळे काढावे लागतात. दुसरं, पट्टीचं खालचं निमुळतं टोक. कार्ड दाबताना ते बोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यातल्या फटीत उतरायला हवं. ते बोर्डाच्या कडेवर टेकलं तर कार्ड पुढून बसल्यासारखं दिसतं आणि मागून दोन मिलिमीटर वर राहतं. मशीन सुरू होतं, कार्ड दिसत नाही, आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. म्हणून दाबण्याआधी त्या फटीत टॉर्च मारा. नंतर स्लॉटच्या टोकाची कडी ‘कट्’ करून लागली पाहिजे. हे सगळं करण्यापूर्वी मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आणि जुन्या डिस्प्लेवर असतानाच बायोस अपडेट करून घ्या. बायोस यूईएफआय मोडमध्ये हवं, जुन्या लेगसी मोडमध्ये नवी कार्डं कधी कधी चित्रच देत नाहीत.

सेकंडहँड कार्डाचे पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघा. जुन्या चिपवर नव्या नावाचा बायोस चढवून विकायचे प्रकार बाजारात झालेत. २०१८ पासून हे सॉफ्टवेअर बरीचशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखून नावाआधी तसा शिक्का दाखवतं. त्यात कोरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी मी वर दिलेल्या किंवा कंपनीच्या पानावरच्या आकड्यांशी जुळवा. मग झाकण लावून अर्धा तास ब्लेंडरचा बेंचमार्क चालवा आणि तापमान कुठे थांबतं ते पाहा. उघड्या झाकणानं घेतलेली चाचणी तुमच्या उपयोगाची नाही.

राहिली वायर. ए१००० आणि टी१००० या दोन्हींना एचडीएमआय पोर्ट नाही, चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय असेल तर मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल लागेल. जुना व्हीजीएवाला असेल तर साधी केबल चालणार नाही, आत चिप असलेला अॅक्टिव्ह अडॅप्टर घ्यावा लागेल. गावातल्या दुकानात तो हमखास मिळेलच असं नाही, तेव्हा कार्डासोबतच मागवा. आणि कार्ड लागल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून कार्डात घाला.